आडनाव एक, म्हणून घराणेही एक का?

वंशावळी आणि जुनी कागदपत्रे यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या सदरात दिली जातात. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी जळगावचा निवृत्त मुख्याध्यापक आहे. माझा धाकटा मुलगा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात नोकरीला असून सूनबाई तिकडच्याच आहेत. नातवासाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ एकाच कागदावर मांडावी अशी माझी फार इच्छा आहे. आमच्याकडची सात पिढ्यांपर्यंत जमली. विहीणबाईंच्या माहेरी असे सांगतात, की त्यांचा मूळपुरुष १६३५च्या सुमारास इंग्लंडहून आला. त्याच दशकात त्याच गावी त्याच आडनावाचा आणखी एक गृहस्थ आला आणि तिसरा शेजारच्या गावी स्थायिक झाला. हे तिघे सख्खे भाऊ होते, असे त्या घरात पूर्वापार सांगत आले आहेत. इंटरनेटवरच्या तयार वंशावळींतही तसेच दाखवले आहे, मात्र पुरावा कोठेच दिसत नाही. ते भाऊ होते की नव्हते, हे आज ठरवता येईल का? आणि त्यासाठी मी इथे जळगावात बसून काय करू शकतो?

उत्तर : पुष्कळ प्रकरणांत ठरवता येते. परंतु त्यासाठी तीन भावांची कथा आधी बाजूला ठेवावी लागेल. तीन भाऊ जहाजातून उतरले, एक तिथेच राहिला, दुसरा दक्षिणेकडे गेला आणि तिसरा पश्चिमेकडे, ही कथा अमेरिकेतील जुन्या घराण्यांत इतकी सर्रास ऐकू येते, की तेथील जाणकार ती ऐकताच सावध होतात. एकाच आडनावाची माणसे निरनिराळ्या गावांत का आढळतात, याचा उलगडा करण्यासाठी ती बहुतेक वेळा मागाहून रचली गेलेली असते. भाऊ-भाऊ मिळून आल्याची खरी उदाहरणेही आहेत, तेव्हा कथा ऐकून टाकून देण्याचे कारण नाही, पण तिला पुरावा मात्र मानता येत नाही.

खानदेशात कोणी स्वतःची ओळख 'पाटील' अशी करून दिली, तर ऐकणारा लगेच 'कुठले पाटील?' असे विचारतो आणि गाव, कूळ, देवक, सोयरिक यांचा उलगडा होईपर्यंत नाते जोडत नाही. सतराव्या शतकातील अमेरिकेकडे पाहतानाही हीच सवय उपयोगी पडते. इंग्रजांची असंख्य आडनावे धंद्यावरून, गावावरून किंवा बापाच्या नावावरून पडलेली आहेत. स्मिथ म्हणजे लोहार आणि टेलर म्हणजे शिंपी, आणि लोहार तर इंग्लंडातल्या प्रत्येक गावात होता. अशी आडनावे शेकडो ठिकाणी एकमेकांशी काहीही संबंध नसताना रूढ झाली. १६२० ते १६४० या वीस वर्षांत सुमारे वीस हजार माणसे इंग्लंडहून न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातील इंग्रज वसाहतींच्या, किनाऱ्यावर उतरली. त्यांच्यात एकाच आडनावाची दोन बिनसंबंधित घरे शेजारी-शेजारी येऊन राहणे अगदी स्वाभाविक होते. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. एखाद्या धर्मोपदेशकामागून अर्धे गावच्या गाव समुद्र ओलांडून आल्याचीही उदाहरणे आहेत, आणि तसे घडले असेल, तर एकाच आडनावाची माणसे भाऊबंद असण्याची शक्यता बरीच वाढते.

या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम हे गाव पाहावे. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील हिंगहॅमची आणि आसपासची माणसे येथे येऊन वसली आणि १६३५ साली त्यांनी नव्या गावाला जुन्याच गावाचे नाव दिले. या लहानशा वस्तीत सुरुवातीच्या काळात थॉमस लिंकन नावाची एक-दोन नव्हे, तर चार माणसे होती. गावकऱ्यांनी दप्तरात त्यांची ओळख धंद्यावरून ठेवली : गिरणीवाला थॉमस, विणकर थॉमस, लाकडी पिंपे करणारा थॉमस आणि शेतकरी थॉमस. १६३७ साली याच प्रदेशात सॅम्युएल लिंकन नावाचा तरुण इंग्लंडातील नॉर्विचच्या एका विणकराचा शिकाऊ उमेदवार म्हणून आला. विणकर थॉमस हा त्याचा भाऊ. पण विणकर भाऊ निघाला, म्हणून गिरणीवाला किंवा पिंपे करणारा हेही त्याच घरचे, असे म्हणता येत नाही. त्या प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागतो. आपल्या विहीणबाईंच्या घराण्याबाबतही नेमके हेच करायचे आहे. माणसे जोडण्याच्या आधी ती वेगळी करायची. त्या गावातील त्या आडनावाच्या प्रत्येक पुरुषासाठी स्वतंत्र पान घालावे आणि त्यावर त्याचा धंदा, त्याची जमीन, बायकोचे नाव, मुलांच्या जन्माची वर्षे, साक्षीला आलेली माणसे असे सर्व टिपावे. एकाच नावाच्या दोघांची माहिती एका पानावर मिसळली, की पुढच्या साऱ्या पिढ्या चुकतात, आणि इंटरनेटवरच्या तयार वंशावळींत सर्वाधिक घोटाळे याच ठिकाणी झालेले दिसतात.

या सॅम्युएलचीच पुढची हकिगत आपल्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना आपले आजोबा व्हर्जिनियातून केंटकीत आले आणि त्याआधी घराणे पेनसिल्व्हेनियात होते, एवढेच ठाऊक होते. न्यू इंग्लंडमधील लिंकनांशी नाते जोडण्याचा प्रयत्न झाला, पण दोन्हीकडे मोर्डेकाय, अब्राहम, सॉलोमन, लेव्ही अशी सारखी नावे आढळतात यापलीकडे निश्चित काही हाती लागले नाही, असे त्यांनी १८५९ साली स्वतः लिहून ठेवले आहे. देशाच्या सर्वोच्च पदाकडे निघालेल्या या माणसाने केवळ नावांच्या साम्यावर नाते मान्य केले नाही, याचे मला विशेष वाटते. पुढच्या अभ्यासकांनी हा दुवा कागदोपत्री सिद्ध केला. सॅम्युएलचा मुलगा मोर्डेकाय मॅसॅच्युसेट्समध्येच लोखंडाचा कारभार करत राहिला. त्याचा त्याच नावाचा मुलगा न्यू जर्सीत आणि तेथून पेनसिल्व्हेनियात गेला व तेथेही लोखंडाच्याच धंद्यात पडला. थोरल्या मोर्डेकायच्या १७२७ सालच्या मृत्युपत्रात दूर गेलेल्या मुलांचीही नावे आहेत. धाकटा मोर्डेकाय १७३६ साली वारला तेव्हा त्याने न्यू जर्सीतील तीनशे एकर जमीन आपल्या जॉन या मुलाला दिली. १७४८ साली जॉनने ती विकली, तेव्हा विक्रीच्या दस्तात तो मोर्डेकायचा मुलगा आणि वारस असल्याचे स्पष्ट लिहिले गेले. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला आणि तोच राष्ट्राध्यक्षांच्या आजोबांचा बाप. म्हणजे एका प्रांतात राहणारा माणूस दुसऱ्या प्रांतातली वडिलोपार्जित जमीन विकतो, तेव्हा तो दस्त दोन प्रांतांतील दोन नावे एकाच साखळीत गुंफतो. घरातल्या तोंडी परंपरेने जे साधले नाही, ते जमिनीच्या एका कागदाने साधले.

त्यामुळे आपण जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदींपेक्षा मृत्युपत्रे आणि जमिनीचे दस्त यांवर अधिक भर द्यावा असा माझा आग्रह आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९च्या कायद्याने गावांना जन्म, विवाह व मृत्यू नोंदवणे बंधनकारक केले होते आणि १८५०पर्यंतच्या या नोंदी बहुतेक गावांसाठी आडनावाच्या वर्णानुक्रमाने छापलेल्या आहेत. त्या अवश्य पाहाव्यात, पण सुरुवातीच्या पिढीतल्या कित्येकांचा जन्म इंग्लंडातला असल्यामुळे ते कोणाचे मुलगे होते हे तेथे मिळत नाही. मृत्युपत्रात मात्र 'माझा भाऊ अमुक', 'माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको' असे उल्लेख येतात. मुलींची सासरची नावे कळण्याचा तर तो पुष्कळदा एकमेव मार्ग असतो. मृत्युपत्र न करता कोणी वारला, तर मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे. म्हणून वाटणीच्या कागदात कोणाला दोन हिस्से मिळाले हे पाहिले, की थोरला कोण हे बहुधा उमगते.

हे कागद वाचताना नात्याचे शब्द आजच्या अर्थाने घेऊ नयेत. त्या काळी सीनियर आणि ज्युनियर म्हणजे बाप-लेकच असे नव्हते. गावात एकाच नावाची दोन माणसे असली, तर वयाने मोठा तो सीनियर आणि लहान तो ज्युनियर, मग त्यांचे नाते काहीही असो किंवा नसो. मोठा वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होई, त्यामुळे एकाच माणसाला दोन वेगळ्या दशकांत दोन बिरुदे लागलेली दिसतात. कझिन हा शब्द पुतण्या-भाच्यांसाठीही वापरत. ब्रदर म्हणजे मेहुणा किंवा चर्चमधला सहधर्मीही असू शकतो, आणि सन-इन-लॉ या शब्दाने कधीकधी बायकोचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा अभिप्रेत असतो. तीन भावांच्या कथेचा उगम एखाद्या कागदातल्या अशाच 'ब्रदर'मध्ये असल्याचे आपल्याला आढळले, तर नवल वाटू देऊ नये.

एक व्यावहारिक सूचना. तालुक्या-जिल्ह्यांच्या सीमा तिकडेही बदलत गेल्या आहेत. आज प्लिमथ काउंटीत असलेले हिंगहॅम १८०३पर्यंत सफक काउंटीत होते, म्हणून तेथील वसाहतकाळातली मृत्युपत्रे बॉस्टनच्या दप्तरात शोधावी लागतात. पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटी १७५२ साली निर्माण झाली, तेव्हा धाकट्या मोर्डेकायचे कागद तिच्यात मिळणे शक्यच नव्हते, ते फिलाडेल्फियाच्या दप्तरात होते. आपल्या मूळपुरुषाचे गाव त्या वर्षी कोणत्या काउंटीत होते, हे सर्वांत आधी पाहावे.

आता जळगावात बसून काय करता येईल, ते सांगतो. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडता येते आणि मॅसॅच्युसेट्समधील जुने दस्त व मृत्युपत्रे यांची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर घरबसल्या वाचता येतात. मात्र त्याच संकेतस्थळावर वाचकांनी स्वतः जोडलेला एक सामाईक वंशवृक्षही आहे. तो वाटाड्या म्हणून वापरावा, साक्षीदार म्हणून नव्हे. बॉस्टनमध्ये १८४५ साली स्थापन झालेली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिअलॉजिकल सोसायटी ही या विषयातील सर्वांत जुनी संस्था आहे. आपले चिरंजीव त्याच राज्यात असल्याने त्यांना तेथील ग्रंथालयात एकदा प्रत्यक्ष जायला सांगावे. इंग्लंडातील चर्चना १५३८पासून बाप्तिस्मे, विवाह व दफने यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम होता, त्यामुळे मूळ गाव कळले, तर तिघे खरोखर एकाच बापाचे होते का हे तेथील वहीत उतरलेले असू शकते. अट एकच. इंग्लंडातील नुसते नाव जुळले म्हणून तो आपलाच माणूस असे धरू नये, कारण त्याच नावाचा मुलगा शेजारच्या गावातही बाप्तिस्मा घेतलेला असतो. इंग्लंडहून गेलेल्या माणसाने तेथली मालमत्ता विकली असावी, तेथल्या नातेवाइकाने मृत्युपत्रात 'न्यू इंग्लंडमधील' म्हणून त्याचा उल्लेख केलेला असावा, असे काहीतरी दोन्ही किनाऱ्यांना जोडणारे हवे.

छापील ग्रंथांविषयीही सावध राहावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस अमेरिकेतील श्रीमंत घराण्यांना इंग्लंडातील उमरावांशी नाते असावेसे फार वाटे आणि तशा वंशावळी पैसे घेऊन तयार करून देणारे लोक होते. त्यांतील गुस्ताव्ह अँजू याने खरे कागद आणि बनावट नोंदी एकत्र मिसळून रचलेल्या वंशावळी आजही नकलांच्या नकला होऊन फिरत आहेत. जाड पुठ्ठ्याच्या ग्रंथात छापले आहे, एवढ्यावरून नाते मान्य करू नये.

प्रश्न : माझ्या भाच्याला त्याच्या अमेरिकन पत्नीच्या पूर्वजांचा शोध घेण्यात मी मदत करते. एका गावात एकाच नावाचे दोन पुरुष आहेत. त्यांपैकी एकाचा विवाह जून १६७७मध्ये झाला आणि त्याच्या पहिल्या मुलाचा जन्म फेब्रुवारी १६७७ असा नोंदलेला आहे. मूल विवाहाआधीचे ठरते, म्हणून ते दुसऱ्या पुरुषाचे असावे असे आम्ही समजलो आहोत. ते बरोबर आहे का? — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : एवढ्या कारणावरून ते मूल दुसऱ्याच्या पदरात घालू नये. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२पर्यंत वर्षाचा आरंभ २५ मार्चला होत असे. त्यामुळे फेब्रुवारी १६७७ हा जून १६७७ नंतर आठ महिन्यांनी आला आणि आजच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६७८ होतो. काही लेखनिक अशा तारखा १६७७/७८ अशा जोडवर्षाने लिहीत, काही लिहीत नसत. महिने आकड्यांनी लिहिले असतील, तर पहिला महिना म्हणजे मार्च हेही ध्यानात ठेवावे. १७५२ साली नवी कालगणना लागू झाली, तेव्हा २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ असा का सांगतात, ते यावरून कळेल. जानेवारी ते २४ मार्च या काळातील तुमच्याकडच्या सर्व नोंदी या दृष्टीने पुन्हा तपासा.

प्रश्न : माझी मुलगी व्हर्जिनियात दिली आहे. जावयांच्या आईने आणि त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका कुटुंबातील बाईंनी लाळेची जनुकीय तपासणी करून घेतली. दोन्ही कुटुंबांचे मूळपुरुष सतराव्या शतकात एकाच नदीकाठी राहत होते. तपासणीत दोघी जुळल्या नाहीत. मग नाते नाही असे समजायचे का? — एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. त्या दोघींनी जी तपासणी केली ती आई-बाप दोन्हीकडून मिळणाऱ्या अंशांची आहे आणि हे अंश प्रत्येक पिढीत निम्मे होत जातात. खापरपणजोबा एक असलेल्या दोघांत सामाईक अंश बहुधा सापडतो. त्याहून एक पिढी मागे गेले, की सुमारे निम्म्या जोड्यांत तो सापडत नाही. सतरावे शतक तर दहा-अकरा पिढ्या मागे आहे. दहाव्या पिढीत प्रत्येकाला १०२४ पूर्वजांच्या जागा असतात आणि त्यांतील अनेकांचा अंशही आपल्या शरीरात उरलेला नसतो. उलट अंश जुळलाच असता, तरी तो त्या आडनावाच्या पूर्वजाकडून आला की भलत्याच आजीकडून, हे ठरवणे अवघड गेले असते.

आडनावाच्या प्रश्नासाठी उपयोगाची तपासणी वाय गुणसूत्राची, कारण ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जाते आणि इंग्रजी आडनावही सामान्यतः त्याच वाटेने जाते. हे गुणसूत्र पुरुषांतच असल्यामुळे ही तपासणी बायकांवर होत नाही. आडनाव जर विहीणबाईंच्या माहेरचे असेल, तर त्यांचे भाऊ, भाचे किंवा चुलतभाऊ यांपैकी त्याच आडनावाचा पुरुष लागेल. आडनाव जावयांचे असेल, तर स्वतः जावई चालतील. प्रत्येक घराण्यातून एकच पुरुष घेऊन थांबू नये. मूळपुरुषाच्या दोन वेगवेगळ्या मुलांच्या वंशातला एकेक पुरुष घ्यावा. ते दोघे आपसांत जुळले, तर त्या घराण्याची खूण निश्चित झाली. न जुळले, तर मधल्या पिढ्यांत कोठेतरी दत्तक, सावत्र बापाचे आडनाव किंवा विवाहबाह्य संतती आलेली आहे, असे समजून आधी तो गुंता सोडवावा. त्यानंतर दोन्ही घराण्यांच्या खुणा ताडून पाहाव्यात. त्या स्पष्टपणे वेगळ्या असतील, तर मूळपुरुष भाऊ नव्हते हे जवळपास निश्चित होते. जुळल्या, तर पुरुषपरंपरेतला एक सामाईक पूर्वज होता एवढेच सिद्ध होते. तो त्यांचा बाप होता की इंग्लंडातला चार पिढ्यांपूर्वीचा कोणी, हे सांगायला पुन्हा कागदच लागतात. आणि व्हर्जिनियात त्याचीच अडचण आहे, कारण अनेक काउंट्यांची दप्तरे जळाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी रिचमंडला हलवलेली काही दप्तरे १८६५च्या आगीत नष्ट झाली. अशा वेळी जमीनमंजुरीचे प्रांतिक कागद पाहावेत. समुद्रापार आणलेल्या प्रत्येक माणसामागे पन्नास एकर जमीन देण्याची पद्धत तेथे असल्यामुळे त्या कागदांत आलेल्या माणसांच्या नावांच्या याद्या मिळतात. यादीतले नाव म्हणजे जमीन घेणाऱ्याचा नातेवाईक असे मात्र मानू नये. त्यांतले पुष्कळ जण करारबद्ध नोकर होते.

आणखी एक गोष्ट तपासणीआधी घरात बोलून ठेवावी. व्हर्जिनियात तेच आडनाव धारण करणारी आफ्रिकी वंशाची कुटुंबेही आढळतील आणि त्यांच्याशी रक्ताचे नाते निघणे शक्य आहे. गुलामगिरीत जखडलेल्या माणसांची नावे १८५० आणि १८६०च्या जनगणनेत लिहिलीच गेली नाहीत, त्यांतील बहुतेकांची नावे १८७०मध्ये प्रथम उतरली. अशा कुटुंबाकडून पत्र आले, तर जावयांच्या घरातील जुने दस्त आणि मालमत्तेच्या याद्या त्यांना आवर्जून दाखवाव्यात. त्यांच्या पूर्वजांचे नाव कोठे लिहिलेले असेल, तर ते बहुधा तेथेच.

प्रश्न : विषय अमेरिकेचा चालू आहे, पण अडचण आमच्या गावातलीही तशीच आहे. अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी पाटलांच्या दोन भाऊबंदक्या आहेत, वरच्या गल्लीतली आणि खालच्या गल्लीतली. एकमेकांचे सुतक आम्ही धरत नाही, परंतु म्हातारी माणसे 'मूळ एकच' असे सांगत. गावातल्या तरुणांनी आता दोन्हींची एकच वंशावळ छापायचे ठरवले आहे. तसे करावे का?

उत्तर : इतक्यात छापू नये. पाटील हे मुळात गावच्या वतनाचे पद. ज्याच्या घरी ती पाटीलकी आली, त्याने ते नाव लावले, मग तो कोणत्याही कुळाचा असो. खानदेशात मराठा, लेवा, गुजर, कोळी अशा निरनिराळ्या समाजांत पाटील आहेत ते त्यामुळेच. एका गावची पाटीलकी दोन भिन्न घराण्यांत तक्षिमांनी (हिश्श्यांनी) वाटलेली असणे किंवा मुलकी पाटीलकी एका घरात आणि पोलीस पाटीलकी दुसऱ्या घरात असणे, हेही शक्य आहे. आधी दोन्ही गल्ल्यांचे पाटीलकीमागचे मूळ आडनाव, देवक आणि कुलदैवत विचारावे. दोन्ही गल्ल्यांत आपसांत कधी सोयरिक झाली आहे का, हे तर सर्वांत आधी विचारावे. झाली असेल, तर त्या काळच्या माणसांनी तरी एकमेकांना भाऊबंद मानले नव्हते. सुतक न धरणे हा मात्र निर्णायक पुरावा नव्हे, कारण पिढ्या लांबल्या किंवा वितुष्ट आले की ते सुटते.

कागदांत फेरफाराची नोंद ही सर्वांत भरवशाची. 'अमुक मयत, वारस अमुक' असे तिच्यात स्पष्ट लिहिलेले असते. तलाठी कार्यालयातून दोन्ही गल्ल्यांतील सर्वांत जुन्या फेरफारांच्या नकला काढाव्यात आणि जमिनी मूळ एकाच सर्व्हे नंबरातून फुटल्या आहेत का ते पाहावे. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले असल्यास त्यांचा मेळ तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर यांतून बापाचे नाव मिळते, पण तेथे 'पाटील' एवढेच लिहिलेले असल्यामुळे दोन गल्ल्यांतील एकाच नावाची माणसे मिसळण्याचा धोका मोठा आहे. दौलत पाटील दोन्हीकडे असणारच. आजोबाचे नाव किंवा शेताचा नंबर जुळल्याशिवाय त्यांना एक धरू नये.

१८७४च्या वतन कायद्यान्वये ठेवलेल्या वतनाच्या नोंदी आणि त्यांना जोडलेला कुर्सीनामा, म्हणजे वंशावळीचा तक्ता, मिळाला, तर प्रश्न बराच सुटेल. १९०६पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठिकाण धुळे होते. म्हणून त्याआधीचे कागद शोधताना जळगावपुरते थांबू नये. मोडी कागदांवर फसली सन (जुनी महसुली वर्षगणना) असेल, तर त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो.

याशिवाय नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. त्यांत गाव आणि आडनाव यांनुसार यात्रेकरूने स्वतः सांगितलेली बाप, आजा, भाऊ, मुलगे यांची नावे उतरवलेली असतात आणि पुष्कळदा खाली त्याची सही किंवा अंगठाही असतो. वरच्या गल्लीतला कोणी शंभर वर्षांपूर्वी गेला असेल, तर त्याने सांगितलेल्या भाऊबंदांत खालच्या गल्लीतले नाव आहे का, हे पाहावे. काही समाजांत वंशावळ राखणारे भाट येऊन वही वाचत असत. तुमच्याकडे येत असतील, तर दोन्ही गल्ल्यांचा भाट एकच आहे की वेगवेगळे, हेही विचारून ठेवा. भाटाच्या वहीतल्या फार जुन्या पिढ्यांवर विसंबू नये, परंतु अलीकडच्या पाच-सहा पिढ्या फेरफाराशी ताडून पाहण्याजोग्या असतात.

दोन्ही गल्ल्यांना जोडणारा एकही कागद हाती लागेपर्यंत वंशावळ दोन स्वतंत्र पानांवर छापावी आणि म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे, कोणी कोणाकडून ऐकले त्यासह, तळटीप म्हणून द्यावे. जुन्या फेरफारांच्या किंवा वतनाच्या कागदांच्या सुवाच्य छायाप्रती पाठवल्यास त्यांतील मोडी मजकूर आम्ही देवनागरीत उतरवून देऊ. प्रत्येक प्रतीवर गावाचे नाव आणि ती कोणत्या कार्यालयातून मिळाली हे मात्र लिहावे.